आतली काच

खिडकीची काच मी फोडली. आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी हे चार शब्द तोंडातून बाहेर काढायला मला दुपारचा दीड वाजला. आणि तोपर्यंत आमच्या खळ्यात एक दात पडला होता, बाबांचे डोळे सुजून मिटले होते आणि काकांचा कान फाटला होता.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आमचं आणि त्यांचं खळं, म्हणजे अंगण, एकच. या अंगाला आमचं घर, त्या अंगाला त्यांचं, आणि मध्ये त्यांची गिरण. तांदूळ बारा महिने, आणि एप्रिल-मे महिन्यात मसाला. भाजलेल्या मिरच्या त्या गिरणीत पडल्या की अख्खी वाडी शिंकते. गिरण आजोबांनी घातलेली. पट्टा फिरायला लागला की आमच्या फळीवरचे पेले नाचतात. आम्हाला त्याचं कधी काही वाटलं नाही, आम्ही बोलायलाच मोठ्याने शिकलो.

मग बाबांनी पर्यटकांसाठी एक खोली बांधली. एसी, टीव्ही, पांढरी चादर, आणि खिडकी थेट गिरणीवर, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. पहिल्याच मोसमात एक पाहुण्या बाई खळ्यात येऊन म्हणाल्या, "अहो, ते जे काही आहे ना, ते दुपारी बंद ठेवता येईल का?" हे मी अजून म्हणून दाखवतो, 'जे काही'वर मान तिरकी करून. नकला करणं हा माझा धंदा नाही, खोड आहे. सातवीत हेडसरांची केली तेव्हा हेडसर मागेच उभे होते, तरी मी पूर्ण केली.

बाबांनी काकांना सांगायचं ठरवलं. मी त्यांना मागच्या दारी बघितलं, केळीसमोर उभे राहून म्हणत होते, "भाऊ, वायच दुपारी दोन ते चार..." मग घसा साफ करून परत, जरा जाड आवाजात, "भाऊ, तुका एक सांगाचा होता." केळ काही बोलली नाही. मग ते तांदळाची पिशवी घेऊन गिरणीवर गेले आणि पीठ घेऊन परत आले. असं तीनदा झालं. त्या महिन्यात आम्ही घावणे फार खाल्ले.

शेवटी त्यांनी कुडाळवरून काचवाल्याला बोलावलं आणि दोन काचांची खिडकी बसवली. दोन काचा, मध्ये बोटभर हवा कोंडलेली, चारी बाजूंनी रबर. बंद केली की गिरण फक्त दिसते. पट्टा फिरतोय, काका कोणाला तरी ओरडतायत, आणि आवाज काही नाही.

काका संध्याकाळी खळ्यात आले. खिडकीकडे बघत उभे राहिले.

"तुका माझो आवाज नको झालो तर तोंडार सांगाचा होता. काच कित्याक घातलंस?"

"आवाज तुझो नाय रे भाऊ, गिरणीचो," बाबा म्हणाले.

"गिरण येगळी आणि मी येगळो काय रे?"

त्यानंतर दोघांनी बोलणं टाकलं. निरोप माझ्याकडून जायचे. मी काकांचा निरोप बाबांना काकांच्या आवाजात द्यायचो आणि बाबांचा काकांना बाबांच्या. भांडण घरचं होतं आणि दोन्ही भूमिका माझ्या. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

या सगळ्यात एकाच माणसाचं खरं काही अडकलं होतं. काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, म्हणून दादा. त्याचं जहाजावरच्या नोकरीचं ट्रेनिंग संपलं होतं, निवड झाली होती, फक्त पोलिसांचा कागद यायचा बाकी होता. या मुलावर काही तक्रार नाही, वागणूक चांगली आहे, असा. तो कागद मिळाला की पंधरा दिवसांत बोटीवर. एखादी तक्रार आडवी आली की राहिला गिरणीतच मिरच्या भरत. दादाला धुळीने दम लागायचा. तो गिरणीत तोंडाला पंचा गुंडाळून उभा राहायचा आणि दर पाच मिनिटांनी बाहेर येऊन खोकायचा. त्याला समुद्राची हौस नव्हती, त्याला श्वास पाहिजे होता.

खोली रिकामी असली की मी तिथे रील बनवायचो. बाहेरचा आवाज शून्य, स्टुडिओच. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी मोबाइल टीव्हीला टेकवून ठेवला आणि काका, दादा आणि बाबा अशा तिघांचा प्रवेश केला. पट्टा आवळायचा लोखंडी पाना गिरणीतून उचलून आणला होता, काकांच्या हातात तो असतोच.

काका म्हणाले, "जा, तुझ्या काकाक सांग, तुझी खिडकी माझ्या डोळ्यात जाता."

दादा म्हणाला, "सांगाचा कित्याक? फोडूनच टाकतंय. बघा आता."

मग मध्ये बाबा केळीसमोर. मग परत दादा, आणि त्याने पाना उगारला. पाना काचेच्या वीतभर अलीकडे थांबायचा होता. हाताला घाम होता. टक् असा आवाज आला, चमचा बशीला लागावा तेवढाच. खालच्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ. मी थुंकी लावून पुसून बघितली. मग पडदा ओढला, एसी बंद करायला विसरलो आणि बाहेर आलो.

एक गोष्ट मी विसरलो होतो. खिडकी दोन काचांची होती, पण दार साधं होतं, खालून बोटभर फट असलेलं. गिरण त्या वेळी बंद होती आणि बाबा खळ्यात कोकमाची सालं पालथी करत होते. त्यांनी दादाच्या आवाजातलं तेवढं एक वाक्य ऐकलं होतं आणि टोपली घेऊन मागच्या दारी गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढलं आणि ती केसाएवढी रेघ आतल्या गारठ्याने, बाहेरच्या उन्हाने एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. बाबा चादरी बदलायला गेले होते. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात चिऱ्याचा एक तुकडा होता, खिडकीखाली सापडलेला. आमच्या खळ्यात चिऱ्याचे तुकडे कुठेही सापडतात, गिरणीच्या भिंतीच झडतायत. पण त्या दिवशी तो तुकडा पुरावा होता.

दादा पंचा सोडून बाहेर खोकत होता.

"काल सांजचा काय बोललंस रे तू?" बाबांनी विचारलं.

"कधी, काकानू? काल सांजचो मी कुडाळाक होतंय, फोटो काढूक."

"फोडूनच टाकतंय म्हणालंस. माझ्या कानान आयकलंय मी."

"मी?"

पहिली थोबाडीत तिथेच बसली. बाबा हाताने नारळ सोलणारे, त्यांच्या तळव्याला कातडी नाही, खापर आहे. दादाने हात वर केला नाही. काकावर हात उचलायचा हे त्याला सुचलंच नाही. त्याने फक्त म्हटलं, "काकानू, माझो कागद..." आणि बाबांनी मूठ मारली. तो गरकन फिरला, गिरणीच्या चौकटीवर तोंडावर आपटला आणि वळला तेव्हा ओठ मधोमध उघडला होता. समोरचा दात नव्हता. तो खाली वाळत घातलेल्या कोकमात कुठेतरी पडला होता. लाल सालांवर लाल थेंब, वेगळे ओळखू येत नव्हते.

आतून काका आले. गिरण चालूच होती. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते. मसाला. त्यांनी एक शब्द न बोलता बाबांचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आपण फणस धरतो तसं, आणि अंगठे डोळ्यांवरून फिरवले.

बाबा किंचाळले. आवाजांच्या बाबतीत माझे कान तयार आहेत, पण असा आवाज मी बाबांचा कधी ऐकला नव्हता, आणि त्याची नक्कल मी अजून केलेली नाही. डोळे मिटलेल्या बाबांनी हातातला चिरा तसाच फिरवला. तो काकांच्या कानावर बसला. कानाची पाळी फाटून लोंबायला लागली, मानेवरून रक्त गंजीफ्रॉकात उतरलं. काकांनी बाबांना गुडघा घातला. बाबा पडले, पडताना त्यांनी काकांचा पाय ओढला आणि दोघं कोकमात लोळायला लागले. बाबा दिसत नसताना मारत होते, त्यामुळे काही फटके जमिनीला बसत होते, आणि जमिनीला बसला की ते आणखी चिडत होते.

आईने कळशीभर पाणी दोघांवर ओतलं. मसाला डोळ्यांतून शर्टात आणि शर्टातून पोटावर उतरला. बाबा आणखी पेटले.

काकी मध्ये पडली, तिला कोपर बसलं. ती हनुवटी धरून ओरडली, "सोडा रे मेल्यांनो. एकाच आवशीच्या पोटचे मा तुम्ही?"

मी काय करत होतो? मी उभा होतो. माझ्या खिशात एक मिनिट चाळीस सेकंदांचा पुरावा होता. तो काढला असता तर मार मला बसला असता, आणि बाबांचा मार मला पाठ होता. पण खरं कारण ते नव्हतं. त्या रीलमध्ये केळ होती. बाबा आपल्या भावाला किती घाबरतात हे बाबांना आणि केळीला सोडून फक्त मला माहीत होतं, आणि आता ते मी सगळ्या खळ्यासमोर त्यांच्याच आवाजात लावणार होतो. त्यांचे डोळे गेलेले असताना.

शेवटी आई आणि काकीने त्यांना सोडवलं. बाबा उठले, धडपडत भिंत धरली.

"आता पोलिसात जातंय," ते म्हणाले. "बघतंय तो बोटीर कसो चढता तो."

काकीने हे ऐकलं आणि ती खाली बसली. दादा गुडघ्यांवर रांगत कोकमात दात शोधत होता. मी त्याच्या बाजूला जाऊन शोधायला लागलो. आपण काहीतरी करतोय असं दिसायला पाहिजे ना.

"तू काल खोलीत होतंस मा?" त्याने विचारलं. ओठ सुजल्यामुळे शब्द फुगून येत होते. "तू आयकलंस माझो आवाज?"

"नाय," मी म्हटलं.

दात मलाच सापडला. मी त्याला दिला. त्याने शर्टाला पुसून खिशात टाकला.

अकराच्या सुमाराला काचवाला आला. बाबांनी त्याला भांडणाच्या आधीच फोन केला होता आणि तो जवळच धामापूरला कामावर होता, म्हणून लवकर आला. त्याने बाहेरून नख काचेवरून ओढलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग आत येऊन ओढलं. आत नख अडकलं.

"भायली काच बरी आसा," तो म्हणाला. "आतली गेली."

डोळ्यांवर ओला टॉवेल धरून बाबा खाटेवर बसले होते. "धोंडो जोरान बसलो. धक्को आत गेलो."

"धक्को काय भायल्या काचेक इचारून आत जाता, काकानू?"

"तू काच बघ. वकिली करू नको."

काचवाला खाली वाकला. कोपऱ्यात जिथे पाना लागला होता तिथे पांढरा ठिपका होता. त्याने तो बोटाने चोळला, मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. त्याने टेप काढून माप घ्यायला सुरुवात केली. माझ्याबद्दल इतकं गप्प कोणी राहिलेलं मला आठवत नाही.

बाबांना दिसत नव्हतं, म्हणून पोलीस स्टेशनला स्कूटर मीच चालवली. मला न्यायचं दुसरं कारण म्हणजे मी साक्षीदार. "तू खोलीत होतंस, तूय आयकलंस," असं त्यांनी वाटेत मला तीनदा सांगितलं. मागून त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. बोटं सुजून फुगली होती.

स्टेशनात गेल्यावर बाबांची भाषा बदलली. सरकारी टेबल दिसलं की आमच्याकडे सगळेच पुस्तकातलं बोलतात, टेबल दिसत नसलं तरी.

"सदर इसमाने माझ्या राहत्या घराच्या खिडकीवर हेतुपुरस्सर दगड भिरकावला."

"डोळ्यांना काय झालं?" हवालदाराने विचारलं.

"मसाला."

"तेही लिहू?"

"नको."

"इसम कोण?"

"माझा पुतण्या."

हवालदाराने नाव लिहिलं, लिहिता लिहिता थांबला, बाजूच्या गठ्ठ्यातून एक फाईल ओढली.

"हाच का? याची पडताळणी आलीय माझ्याकडे. जहाजाची."

"हाच."

"मग तुम्हाला आज फोनच करणार होतो," तो म्हणाला. "दोन शेजारी लागतात, वागणुकीची खात्री द्यायला. पहिलं नाव त्याने तुमचं घातलंय."

बाबांनी चाचपून खुर्ची ओढली आणि बसले. पंखा फिरत होता. मला वाटलं, झालं, इथे मिटेल. दादाने बोलणं बंद असलेल्या घरातलं नाव कागदावर पहिलं घातलं होतं. पण बाबांनी नाक पुसलं आणि मान ताठ केली.

"मग बरंच झालं," ते म्हणाले. "लिहून घ्या. वागणूक..."

"खिडकीची काच मी फोडली," मी म्हटलं.

"गप रव."

"खरंच मी. दादा कुडाळला होता."

"भावासाठी खोटं बोलतोय तो, साहेब. मी याच कानांनी ऐकलंय."

मग मी मोबाइल काढून टेबलावर ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला. बाबांना दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. आधी काका आले, मग दादा आला. फोडूनच टाकतंय.

"हा बघा," बाबा खुर्चीतून उठत म्हणाले, "हा त्याचाच आवाज. रेकॉर्डिंगच आहे की."

आणि मग त्यांनी स्वतःला ऐकलं. भाऊ, वायच दुपारी दोन ते चार. घसा साफ करणं. भाऊ, तुका एक सांगाचा होता. हवालदाराला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. बाबा उभेच राहिले. मग टक्, आणि त्यानंतर माझा, अगदी माझा स्वतःचा आवाज: "आयला, गेली."

रील संपली आणि परत पहिल्यापासून सुरू झाली. मी ती बंद केली.

बाबांनी हात पुढे केला. आधी माझा खांदा सापडला, मग मान, मग गाल. गाल नीट चाचपला आणि मग मारलं. माझं डोकं फाईलींच्या कपाटावर आपटलं. कानात शिट्टी सुरू झाली. त्यांनी परत चाचपलं, तोच गाल शोधला आणि परत मारलं. तोंडात रक्ताची चव आली. तिसऱ्या वेळी हवालदार मध्ये आला.

"इथे नाही," तो म्हणाला. "घरी न्या."

बाबा धापा टाकत बसले. मग म्हणाले, "तो कागद द्या."

सही कुठे करायची ते त्यांना दिसेना. मी त्यांची तर्जनी धरून ओळीवर ठेवली. सुजलेल्या बोटांत पेन बसत नव्हतं, मूठ करून धरावं लागलं. सही वाकडी आली. हवालदाराने विचारलं, वागणुकीसमोर काय लिहू? बाबा म्हणाले, "चांगली. माझ्यापेक्षा."

"माझ्यापेक्षा लिहिता येत नाही."

"मग नुसती चांगली लिहा."

घरी आलो तेव्हा काका गिरणीच्या पायरीवर बसले होते, कानाला हळदीचा बोळा लावून. गिरण बंद होती. बाबा माझा हात सोडून आवाजाच्या अंदाजाने पुढे गेले.

"भाऊ, काच माझ्या झिलान फोडल्यान. तुझो कुडाळाकच होतो."

काका उठले. त्यांनी बाबांच्या एक थोबाडीत दिली. तिचा आवाज खळ्यात कुठेही अडला नाही. बाबांचे दोन्ही हात खाली होते, ते खालीच राहिले. काका परत मारतील म्हणून ते थांबले, पण काकांनी मारलं नाही.

"पोराचो दात आता कोण उगवतलो?" काकांनी विचारलं.

बाबांनी बाहीने डोळे पुसले. बाहीलाही मसाला होता.

"डोळे धू जा," काका म्हणाले. "ताकान धू. पाण्यान वाढता."

दादा माझ्यामागून खोलीत आला आणि दार लावून घेतलं. मोबाइल मागितला. मी दिला. त्याने रील उभ्याने बघितली. त्याचे वडील आले तेव्हा तो हसला नाही. तो स्वतः आला तेव्हा नाकातून हवा सोडली. केळीपाशी मात्र त्याला आवरलं नाही, हसताना ओठ परत फुटला आणि रक्त हनुवटीवर आलं. ते त्याने माझ्या शर्टाच्या बाहीला पुसलं. मग मोबाइल खाटेवर नीट ठेवला आणि माझ्या पोटात ठोसा घातला.

मी ओणवा झालो. सकाळचा चहा जमिनीवर आला. दुसरा मारायला त्याने हात मागे घेतला आणि थांबला.

"सही खरीच केल्यानी मा काकांनी?"

"केल्यानी," मी खालूनच म्हटलं.

"तुझ्यासमोर?"

"बोट धरून मीच करून घेतलंय."

त्याने जरा विचार केला. मग दुसराही मारला.